वाडीचा हात

बोरशेतच्या ग्रामसभेला प्रजासत्ताकदिनी एवढी माणसं जमली, की पंचायतीच्या खोलीतल्या खुर्च्या उचलून शाळेच्या पटांगणात मांडाव्या लागल्या. एरवी कोरम भरावा म्हणून शिपाई घरोघर वही फिरवून सह्या गोळा करायचा. गटार, रस्ता, अंगणवाडीचं गळकं छप्पर असल्या विषयांना बोरशेतकर कधी उंबरा ओलांडत नसत. पण या खेपेला विषयपत्रिकेवर दुसऱ्या क्रमांकाला लिहिलं होतं, ‘गावच्या हद्दीतील परदेशी घुसखोर व देशाची सुरक्षा’. देशाची सुरक्षा आपल्या हातात आलीय म्हटल्यावर माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली.

पारू पहिल्या रांगेत बसली होती. तिथं ती आपणहून बसली नव्हती, सरपंच राजेशने हाताला धरून आणून बसवली होती. तिला आज दोनदा हात वर करायचा होता. पहिला विषय तिच्या वसाहतीच्या नळाचा होता, त्याला हात वर करायला काहीच हरकत नव्हती. दुसऱ्या विषयाला मात्र तो मनापासून वर जाणार नव्हता. कारण त्या विषयातला घुसखोर म्हणजे सोफिकुल गवंडी होता, आणि तिची नात भाविका आज जिवंत होती ती त्याच्यामुळे.

पारूच्या वाडीची एक रीत आधी नीट सांगायला हवी, नाहीतर पारूचा हात का वर गेला ते कुणाला कळायचं नाही. पारू कळकवाडीची. वाडी ठाकरांची, लोधिवलीच्या मागच्या डोंगरात, चाळीसेक घरांची. तिथं मतं मोजायची पद्धत नव्हती. काही ठरवायचं झालं की सगळे म्हाताऱ्या चांगोच्या ओट्यावर बसायचे, आणि सगळ्यांचं एक होईपर्यंत कुणी उठायचं नाही. दोन संध्याकाळी जावोत की चार. एक झालं, की ज्याने सगळ्यात शेवटी होकार दिला, सगळ्यात जास्त विरोध केला, त्यानेच चारचौघांत उठून वाडीच्या वतीने हात वर करायचा. बाकीच्यांनी बसून राहायचं. तो एक हात म्हणजे अख्खी वाडी. उद्या त्याने ‘मी यात नव्हतो’ म्हणू नये, आणि इतरांनी त्याला वेगळं पाडू नये, म्हणून कुणा शहाण्या पूर्वजाने घालून दिलेली रीत होती. पारूचा नवरा सदू दर वर्षी कशाला ना कशाला विरोध करायचा, आणि शेवटी हात वर करून तणतणत घरी यायचा. पारू त्याला हसायची.

तीन वर्षांपूर्वी आषाढात डोंगर खाली आला. सकाळची वेळ होती, चुली पेटल्या होत्या. पारू टाकळ्याची भाजी विकायला खाली हायवेला गेली होती म्हणून वाचली. वर आली तेव्हा वाडीच्या जागी ओली लाल माती होती. सदू गेला, मुलगा विलास गेला, सून गेली. पाच वर्षांची भाविका एका वाशाखाली गळ्यापर्यंत मातीत अडकली होती, आणि तिचं रडणं ऐकू येत होतं.

सरकारी माणसं पोचेपर्यंत दुपार झाली. त्याआधी आले ते पायथ्याच्या बंगल्यांच्या साइटवरचे सात-आठ मजूर, घमेली आणि फावडी घेऊन. सोफिकुल त्यांच्यात पुढे. फावडं मारलं तर वासा सरकेल हे त्याला गवंडी असल्यामुळे कळलं, म्हणून त्याने हातांनी माती उपसली. चार तास. पोर बाहेर काढून त्याने पारूच्या पदरात टाकली तेव्हा त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं राहिली नव्हती. ती पुढेही नीट आली नाहीत.

त्या दिवशी मोबाइलवर त्याचा फोटो बोरशेतमध्येही फिरला होता. देवमाणूस म्हणाले होते सगळे. बोरशेतची आठवण तशी चांगली आहे, पण ती फार दिवस टिकत नाही.

पुढे सरकारने वाचलेल्यांसाठी बोरशेतच्या गुरचरणाची जागा ठरवली, तेव्हा याच पटांगणात सभा भरली होती. पारू तेव्हा मागे शाळेच्या भिंतीला टेकून उभी होती. ‘आज चाळीस घरं येतील, उद्या चारशे येतील.’ ‘चोऱ्यामाऱ्या झाल्या तर जबाबदार कोण?’ ‘दुःख हाय त्यांचं, मान्य हाय, पण आमच्याच गावात का?’ ही वाक्यं तिने तिथं उभं राहून ऐकली होती. घरच्यांचं तेरावंही तेव्हा झालं नव्हतं. शेवटी जिल्ह्यावरून हुकूम आला म्हणून गावाने जागा दिली, आणि नंतर आपल्या मनाच्या मोठेपणाचा फलक वेशीवर लावला.

सोफिकुल वसाहतीत भाविकाला बघायला यायचा. पुढे त्याने बायकोला आणलं, त्यांना मुलगी झाली. वसाहतीच्या कडेला, साइटच्या पत्र्याच्या खोलीत ते राहायचे. त्याची बायको रोशनारा पारूबरोबर रानात जायची. एकदा पारूने त्याला विचारलं होतं, तुजं गाव कुठलं रं. तो म्हणाला, “गाव नदी खाया, ताई. तुमचा डोंगर खाया, आमचा नदी.”

“पन नदीच्या कुठल्या अंगाला? आपल्या की त्यांच्या?”

सोफिकुल हसला. “मी छोटा होता. आई के कडेवर. नाव मध्ये बसला, एवढा याद आहे.”

पारूला काय समजायचं ते समजलं. तिने पुन्हा विचारलं नाही. त्याच्याकडे आधार कार्ड होतं, कुण्या ठेकेदाराने काढून दिलेलं. ते खरं की खोटं हे ती काय सांगणार? तिचा स्वतःचा जन्माचा दाखला नव्हता, आणि असलेले कागद डोंगराखाली होते.

गेल्या दिवाळीनंतर वारं फिरलं. टीव्हीवर रोज सीमा, घुसखोर, इतके लाख, तितके लाख. कर्जतकडे कुठल्याशा फार्महाऊसवर चोरी झाली, चोर सापडला नाही, पण तो बाहेरचा होता हे सगळ्यांना कळलं. राजेशला पुढच्या निवडणुकीला पंचायत समितीत जायचं होतं आणि सांगण्यासारखं एकही काम झालं नव्हतं. एका संध्याकाळी तो चांगोच्या नव्या घराच्या पायरीवर येऊन बसला.

वसाहतीतल्या प्रत्येक घराला नळ बसवलेला होता, आणि तीन वर्षांत एकाही नळाला पाणी आलं नव्हतं. गावच्या टाकीवरून जोड द्यायला ग्रामसभेची मंजुरी लागत होती. बायका हायवे ओलांडून पलीकडच्या विहिरीवर जायच्या. गेल्या पावसाळ्यात पारूच्या बहिणीची मुलगी संध्या हंडा घेऊन येताना टेंपोखाली आली आणि तिचा पाय कायमचा अधू झाला.

“पयला विषय तुमचा, दुसरा आमचा,” राजेश म्हणाला. “गाव तुमच्यासाठी हात वर करंल. तुमी गावासाठी करा. सरळ हाय.”

“आनि सोफिकुल?” चांगोने विचारलं.

“त्याचं नाव कोन घेतंय, बाबा? नवीन लोकांनी येऊ नये म्हनून ठराव हाय. हायत त्यांचे कागद बघतील आनि सोडतील. त्यानं केलेलं गाव इसरलं नाय.” असं म्हणून राजेश वाकला आणि चांगोच्या पायांना हात लावून म्हणाला, “तुमच्या पायांची शपथ.”

वाडीत जाणत्याच्या पायाला हात लावून खोटं बोललेला माणूस कुणी पाहिलेला नव्हता. असा शब्द दिला की तो डोंगरासारखा, तो लिहून काय घ्यायचा? डोंगराचं काय झालं हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांनी हे धरून चालावं, याचा मला आजही राग येतो.

वाडी बसली. पहिल्या संध्याकाळी विरोधात पारूबरोबर तिघंजण होते. दुसऱ्या संध्याकाळी ती एकटी राहिली.

“ज्यानं माजी पोर मातीतनं काढली, त्याच्या विरुद्ध हात नाय करायची मी,” ती म्हणाली. “नळ नको मला.”

“तुला नको, बाकीच्यांना?” कुणीतरी म्हणालं.

“आपल्यालाबी असंच बोलले व्हते. इसरलात?”

विसरलं कुणीच नव्हतं. मग कोपऱ्यात पाय पसरून बसलेली संध्या बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

“मावशी, भाविका आता आठ वर्साची झाली. सकाळी कळशी घेऊन ती हायवे पार करते. मी बघते ना रोज पायरीवरून. सोफिकुलनं तिला एकदा काढली. रोज कोन काढनार हाय?”

पारूने चांगोला विचारलं, “राजेशनं खरंच पायावर हात ठेवला?”

“ठेवला.”

“सोफिकुलचं नाव घेनार नाय म्हनला?”

“म्हनला.”

“मग घ्या माजा होकार,” पारू म्हणाली. वाडीचं एक झालं होतं. सगळ्यात शेवटी होकार तिचा आला होता.

राजेशला ही रीत कळली तेव्हा त्याचा आनंद पोटात मावेना. ज्या बाईची नात त्या गवंड्याने वाचवली, तीच बाई उठून हात वर करणार, याहून चांगला फोटो त्याला जन्मात मिळाला नसता. म्हणून पहिली रांग, म्हणून हाताला धरून बसवणं.

नळाचा विषय दोन मिनिटांत मंजूर झाला. पारूने हात वर केला, गावाने केला, टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या विषयाला आबाजी उठले. ते निवृत्त हवालदार, चार वर्षं पूर्वेच्या सीमेवर तारेपाशी काढलेली. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि ते असायलाही हवं होतं, कारण ते उगाच बोलत नसत. “मी त्या तारेवर थंडीपावसात उभा राहिलोय,” ते म्हणाले. “बाया-पोरं यायची, पोटासाठी यायची, मला कळायचं. पण त्यांच्याच आडून हत्यारंही यायची. एकदा माझा जोडीदार गेला त्यात. कोण आपल्याकडे राहतंय हे देशाला माहीत पाहिजे. तपासा, एवढंच माझं म्हणणं. तपासायला घाबरायचं कशाला?”

शाळेच्या छायाबाई उभ्या राहिल्या. “तपासायला माझी ना नाही,” त्या म्हणाल्या. “पण ते सरकारचं काम आहे, कायद्याने करायचं, माणसाला आपली बाजू सांगू देऊन. हात वर करून कुणी परदेशी ठरतो का? तीन वर्षांपूर्वी इथंच आपण हात वर करून ज्यांना नको म्हटलं, ते आज पहिल्या रांगेत बसलेत.”

मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, तुमची बदली हवी असंल तर सांगा.” पटांगण हसलं. छायाबाई उभ्याच राहिल्या, पण त्यांचं बोलणं तिथं संपलं.

पारूने वळून पाहिलं. पटांगणाच्या भिंतीपाशी, तीन वर्षांपूर्वी ती जिथं टेकून उभी होती जवळजवळ तिथंच, सोफिकुल उभा होता. दोन वर्षांची मुलगी खांद्यावर. ग्रामसभेला सगळ्यांनी यावं अशी दवंडी ऐकून तो आला होता. आपणही सगळ्यांतच आहोत असं त्याला वाटलं होतं.

राजेशने ठराव वाचला. सरकारी मराठी, अर्धी पारूच्या डोक्यावरून गेली. पण शेवटची ओळ तिला नीट कळली. ‘सोबत जोडलेल्या यादीतील इसमांना गावाच्या हद्दीतून तात्काळ हटवण्यात यावे.’

“यादीत कोन हाय?” तिने बसल्या जागेवरून विचारलं.

“ते नंतर, पारूबाई. आधी हात.”

“नावं वाच ना यादीतली.”

“यादी गोपनीय असते,” राजेश हसून म्हणाला, आणि त्याने चांगोकडे बघून हात जोडले. चांगोला कमी ऐकू यायचं. त्याने मान डोलावली. वाडीचं तर एक झालं होतं.

सात-आठ मोबाइल वर झाले. पारूच्या मागे वाडी बसली होती, चाळीस घरांतली उरलेली माणसं, आणि तिच्या हाताखेरीज एकाचाही हात वर येणार नव्हता. तिने तो खाली ठेवला असता तर डोंगर कोसळूनही न फुटलेली वाडी त्या दिवशी फुटली असती. संध्याचा पाय तिच्या खुर्चीशेजारीच होता, आडवा, काठीला टेकवलेला. हे सगळं खरं. पण यादीत कोण आहे ते तिला राजेशच्या हसण्यावरून कळलं होतं आणि तरीही तिने हात वर केला, हेही खरं. पारूने स्वतःला या दुसऱ्या खऱ्यातून कधी सोडवलं नाही, मग आपण तरी का सोडवावं?

ती उठली. हात वर केला. भिंतीपाशी सोफिकुलच्या खांद्यावरच्या मुलीने पारूआजीला हात वर करताना बघितलं आणि आपलाही चिमुकला हात वर केला. सोफिकुलने तो हळूच धरून खाली घेतला.

पाचव्या दिवशी सकाळी गाडी आली. कुठल्या खात्याची ते कुणाला सांगता आलं नाही, कुणी विचारलंही नाही. सोफिकुल अंघोळीला बसला होता, ओल्या अंगावर शर्ट घालून निघाला. रोशनाराने चुलीवरचा भात तसाच सोडला. भाविका शाळेच्या वाटेवरून पळत परत आली आणि म्हणाली, आजी, त्यांना गाडीत घातलं. पारू पळाली, पण पोचेपर्यंत खोलीचं दार उघडं होतं आणि भाताला करपल्याचा वास सुटला होता. तिने भात उतरवून ठेवला. त्याचं पुढे काय करायचं ते तिला सुचेना.

ती राजेशकडे गेली. तो गाडी धूत होता.

“पायाला हात लावून बोलला व्हतास.”

“मी नाव घेतलं का सभेत? तुज्यासमोर घेतलं का?” राजेश म्हणाला. त्याचा आवाज अगदी प्रेमळ होता. “ठरावावर गावाचे हात हायत, पारूबाई. पयला तुजा हाय.”

पारू छायाबाईंबरोबर खालापूरला गेली, अलिबागला गेली. तीन कचेऱ्या पालथ्या घातल्या. इथं नाही, तिकडे विचारा. तिकडे म्हणाले, पुढे पाठवलं. पुढे म्हणजे कुठे, ते कुणाच्या कागदावर नव्हतं. एका टेबलावरच्या माणसाने पारूकडे निरखून बघितलं, मोबाइल काढला आणि म्हणाला, “तुम्हीच ना त्या फोटोतल्या? चांगलं केलंत, मावशी.”

आबाजी एकदा वसाहतीत येऊन गेले. पायरीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. “मी तपासा म्हणालो होतो,” ते म्हणाले. “उचला नव्हतो म्हणालो.” पारूने त्यांना कोरा चहा दिला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण ते ऐकायला आता फक्त पारूच उरली होती, आणि तिला ते ऐकून काही होणार नव्हतं.

आणि पाणी आलं. कुणाला वाटेल की गावाने तिथंही फसवलं असेल, पण तसं झालं नाही. नळाच्या बाबतीत राजेश शब्दाला जागला. पाडव्याला त्याने स्वतः येऊन पहिल्या नळाची चावी फिरवली, नारळ फोडला, पेढे वाटले. तो पहिला नळ पारूच्या दारातला होता. संध्याने काठी बाजूला ठेवून दोन्ही हातांनी तोंडावर पाणी मारून घेतलं आणि रडली. वाडीतलं कुणी पारूला एका शब्दाने बोललं नाही. उलट येता-जाता तिची विचारपूस करायचे, रानातली करवंदं आणून द्यायचे. कुणीतरी तोंडावर बोललं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

चैत्र संपत आला होता. एका दुपारी छायाबाईंनी गेल्या वर्षी दिलेला जुना मोबाइल वाजला. नंबर कधी न पाहिलेला, लांबलचक. पारू पायरीवर बसून चिंचा फोडत होती.

“ताई? मी सोफिकुल.”

तिने हातातली चिंच खाली टाकली. मग तिने विचारलं, कुठं हायस, रोशनारा कशी हाय, पोर. तो म्हणाला, सगळे आहेत. रात्री सोडलं, नदीच्या काठावर, म्हणाले पलीकडे चाला. इकडचे म्हणतात तू तिकडचा. एका मशिदीच्या मागे शेड आहे, तिथं राहतो. काम नाही. पोरीला ताप होता, आता बरा आहे. हे सगळं तो एका दमात बोलला, पैसे संपतील म्हणून घाई असावी.

“सोफिकुल,” पारू म्हणाली, “मी हात…”

“मी बघितला, ताई,” तो म्हणाला. “माहीत आहे. पाण्यासाठी. मला चांगो बाबा सभेच्या नंतर बोलला होता, रडत होता.” मग त्याने विचारलं, “पाणी आला काय?”

त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आपण जी किंमत मोजली तिच्या बदल्यात कुणाला काही मिळालं का, एवढंच. आणि पारूला नेमकं तेच सांगता येईना. हो म्हटलं तर आपण त्याला कशासाठी विकलं ते आपल्याच तोंडून सांगितल्यासारखं झालं असतं.

“नाय रं,” ती म्हणाली. “नाय आलं अजून.”

“नाही आला?” सोफिकुलचा आवाज पडला. “येईल, ताई. येईल.”

तेवढ्यात भाविका शाळेतून आली. दप्तर पायरीवर टाकलं, कोपऱ्यातली पत्र्याची बादली ओढली आणि दारातला नळ सोडला. रिकाम्या बादलीत पाणी धो धो पडायला लागलं. पारूने फोनवर हात दाबून धरला, पण कुठल्या बाजूने बोलतात आणि कुठल्या बाजूने ऐकतात हे तिला अजून नीट कळत नसे.

बादली अर्धी झाली.

“भाविका पाणी भरते?” सोफिकुलने विचारलं.

“हां,” पारू म्हणाली.

“दारातच?”

“दारातच.”

“चांगला झाला, ताई,” सोफिकुल म्हणाला, आणि फोन कट झाला. पारूने त्या नंबरवर पुन्हा लावून पाहिला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई मराठीत सांगत राहिली. बादली भरून पाणी ओट्यावरून वाहायला लागलं होतं, आणि भाविका घरातून ओरडत होती, आजी, बंद कर ना, वाया जातंय.